बिऱ्हाड बदलणाऱ्या मुलांची पुस्तके

नवरात्रात पाटावर हत्तीचे चित्र मांडून त्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची, हा खेळ आता शहरी सोसायट्यांत हौसेपुरता उरला आहे. कुठे त्याला भोंडला म्हणतात, कुठे हादगा; विदर्भ-खानदेशातली भुलाबाई त्याचीच बहीण. ही गाणी ज्यांच्या तोंडी होती त्या मुली एके काळी आठ-दहा वर्षांच्या असत आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांचे बिऱ्हाड हलणार असे. नवे गाव, नवे घर, भाजीला वेगळा मसाला, वेगळे कुलाचार आणि बहुधा नावसुद्धा नवे. त्या मुलींना ही गाणी काय सांगत होती? माहेरी जाऊ का म्हणून विचारणाऱ्या सुनेला सासू आधी कारल्याचे बी पेरायला सांगते. मग वेल वर चढू दे, कारली लागू दे, भाजी होऊ दे, असे एकेक निमित्त पुढे करते आणि सगळी निमित्ते संपली की सासऱ्याला विचार म्हणते. दुसऱ्या एका गाण्यातला नवरा ठार वेडा, करंज्यांना होड्या समजून पाण्यात सोडणारा. परक्या घरात जाऊन राहायचे कसे, याचे इतके स्पष्ट, इतके खट्याळ आणि इतके निर्भीड बालसाहित्य मराठीत पुन्हा झाले नाही. सासरी सगळे छान होईल असे आश्वासन ही गाणी देत नाहीत. तिथली माणसे विचित्र वागतील, त्यांना हसता येते आणि हसताना तू एकटी नाहीस, एवढेच ती सांगतात, आणि तेही जिला जायचे आहे तिच्याच तोंडून.

या शेवटच्या गोष्टीला मी सर्वाधिक महत्त्व देतो. स्थलांतराविषयी मराठीत साहित्य नाही, अशी तक्रार कोणी करू शकणार नाही. उलट, आधुनिक मराठी साहित्यातली कितीतरी बलवान पुस्तके गाव सोडलेल्या, गावाबाहेर काढलेल्या किंवा कधीच एका गावाला न टिकलेल्या माणसांनी लिहिली आहेत. त्या पुस्तकांत मुलेही आहेत, पुष्कळ आहेत. पण ही मुले पात्रे म्हणून आहेत. वाचक म्हणून त्यांचा विचार झालेला नाही. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या मुलाबद्दल आपण मोठ्यांना सांगितले, कधी अपराधी वाटावे म्हणून, कधी चीड यावी म्हणून. त्या मुलाला मात्र आपण काहीच सांगितले नाही. तो ज्या वर्गात मधल्याच महिन्यात येऊन बसतो, त्या वर्गातल्या स्थिरस्थावर मुलांनाही सांगितले नाही. गोष्ट कोणाबद्दल आहे इतकेच पाहून साहित्याची जमाखर्चाची वही मांडली, तर आपली बाजू भरलेली दिसते. ती कोणाला उद्देशून सांगितली हे विचारले की पान कोरे निघते.

मोठ्यांच्या बाजूचा हिशेब आधी पाहू. २०११च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित होते, त्यांत निम्म्याहून कितीतरी जास्त स्त्रिया, आणि त्यांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण लग्न. याचा अर्थ, माहेर आणि सासर यांच्यामधल्या वाटेवरची जात्यावरची ओवी हे आपले सर्वांत विपुल स्थलांतरसाहित्य आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून गोळा केलेल्या ओव्यांची संख्या एक लाखावर जाते. त्यानंतर गिरण्यांची मुंबई येते. मागे कुटुंब ठेवून गाळ्यात दहा-बाराजणांत राहणारा, खाणावळीत जेवणारा, गणपतीला गावी धावणारा चाकरमानी. वाटेगावाहून वडिलांबरोबर पायी मुंबई गाठलेले अण्णा भाऊ साठे. फुटपाथवर सापडून गिरणी कामगाराच्या घरात वाढलेले नारायण सुर्वे. पुढे दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली. शेवटच्या दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. या तिन्ही पुस्तकांतला सगळ्यात जिवंत भाग बालपणाचा आहे, हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही. मुंबईतला कावाखाना आणि गावचा महारवाडा यांच्यात हेलकावणारा मुलगा, गाढवांवर संसार लादून गावोगाव टोपल्या विणत हिंडणाऱ्या कैकाड्याच्या घरातला शाळेत घातलेला मुलगा, जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातीतला पाटी-पुस्तक घेतलेला मुलगा. ‘उपरा’तला मुलगा तर शाळेतही परका आहे आणि शाळेत जातो म्हणून पालावरही परका आहे. बापाने हट्टाने त्याला शाळेत घातले, पण तिथे रुळण्याची किंमत तो घरी मोजतो आणि घरचा राहण्याची किंमत शाळेत. सांस्कृतिक जुळवणुकीचा हा पेच समाजशास्त्राचा एकही ग्रंथ न उघडता या मुलाला ठाऊक होता.

आता छापील बालसाहित्याकडे वळू. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिले. ते १९३५ साली प्रसिद्ध झाले आणि घराघरांत पोचले. श्याम हा शिक्षणासाठी घर सोडलेला मुलगा आहे. पालगडहून दापोलीला, पुढे औंधला, पुढे पुण्याला, असा त्याचा प्रवास आहे आणि आई जाते तेव्हा तो तिच्याजवळ नसतो. तरी आपण त्या पुस्तकातून काय उचलले? सुटलेले घर, त्या घरातले संस्कार, आई. परगावी एकट्याने दिवस काढणाऱ्या मुलाची हकिकत गुरुजींनी ‘धडपडणारा श्याम’मध्ये लिहिली, पण हा श्याम आपल्या सामूहिक स्मरणात आईच्या श्यामच्या पासंगालाही पुरत नाही. सुटलेले गाव आपल्याला प्रिय. पोचलेले गाव दुय्यम. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हाही फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला मुलगा. त्याला मात्र घरची आठवण काढायला फुरसतच मिळत नाही, चोर पकडण्यातच सुट्ट्या संपतात. आणि खरे सांगायचे तर त्याबद्दल कोणाची तक्रारही नसावी. प्रकाश नारायण संतांचा लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे, कन्नडमिश्रित मराठीच्या मुलखात येऊन राहतो. ‘वनवास’ हे पुस्तकाचे नावच सारे सांगते. मुलाच्या नजरेतून परके घर आपले होत जाते कसे, हे मराठीत याहून नाजूकपणे कोणी लिहिलेले नाही. पण लंपनचे वाचक मुख्यतः प्रौढ, आपले बालपण आठवून हळवे होणारे. बाकी बालसाहित्याचे जग फार करून एका घरात स्थिरावलेले असते. शाळा जूनमध्ये सुरू होते, एप्रिलमध्ये परीक्षा, मे महिन्यात मामाचा गाव. गावाला जाणे म्हणजे सुट्टी आणि परत येणे म्हणजे आयुष्य, हे त्या जगाचे गृहीतक आहे.

मोठ्यांचे आणि मुलांचे स्थलांतर एकाच घरात, एकाच दिवशी सुरू होऊनही सारखे नसते, म्हणून त्यांचे साहित्यही सारखे असून चालत नाही. झुम्पा लाहिरींच्या ‘द नेमसेक’ या २००३ सालच्या कादंबरीच्या सुरुवातीला अमेरिकेत आलेली गरोदर आशिमा राइस क्रिस्पीजमध्ये शेंगदाणे आणि चिरलेला कांदा घालून कोलकात्याच्या रस्त्यावरच्या झालमुडीची चव शोधत असते. ती चव जमत नाही, काहीतरी कमीच पडते. मोठ्या माणसाचे स्थलांतर बहुधा असे मागे पाहणारे असते. मुलाकडे तुलना करायला मागचे फारसे नसते आणि पुढचे रोज शाळेत समोर उभे असते. म्हणून ते भाषा लवकर उचलते, आईबापांना पाट्या वाचून दाखवते, फॉर्म भरून देते आणि नकळत घरातला कर्ता होऊन बसते. ज्यूडिथ कर या लेखिकेच्या १९७१ सालच्या कादंबरीत ही उलटापालट फार नेमकी आली आहे. हिटलरने गुलाबी ससा चोरला, असे तिचे नाव. बर्लिनमधल्या एका नामवंत ज्यू नाट्यसमीक्षकाचे कुटुंब १९३३ साली देश सोडते. नऊ वर्षांची ॲना एकच खेळणे बरोबर घेऊ शकते आणि जुना ससा मागे राहतो. आधी स्वित्झर्लंड, मग पॅरिस, मग लंडन. स्विस खेड्यातली मुले आवडत्या मुलीवर वस्तू फेकून मारतात, हे प्रेम आहे हे ॲनाला समजायला वेळ लागतो. पॅरिसच्या शाळेत कित्येक महिने ती मनात भाषांतर करकरून दमते आणि एके दिवशी लक्षात येते की फ्रेंच आपोआप बोलली जात आहे. याच काळात तिचे वडील, ज्यांची भाषा हीच मिळकत होती, ते हळूहळू बेकार होत जातात. मुलीचे जिंकणे आणि बापाचे हरणे एकाच जेवणाच्या टेबलावर घडते. लेखिका त्यावर भाष्य करत नाही. वाचणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला मुलीचा आनंद दिसतो आणि त्याच्या शेजारी बसून वाचणाऱ्या मोठ्या माणसाला बाप दिसतो.

हे पुस्तक जन्मले कसे, यातच माझ्या मुद्द्याचा पुरावा आहे. ज्यूडिथ कर यांच्या आठ वर्षांच्या मुलाने ‘द साउंड ऑफ म्युझिक’ हा चित्रपट पाहिला आणि आई लहान असताना कसे होते ते आता कळले, असे तो म्हणाला. डोंगरावर गाणी म्हणत देश सोडण्याचा तो चित्रपट आणि आपले बालपण यांत काही संबंध नाही, हे त्याला सांगण्यासाठी तिने लिहायला घेतले. म्हणजे श्रोता ठरलेला होता: न हललेले, सुरक्षित घरात वाढलेले, आईचा भूतकाळ ठाऊक नसलेले मूल. आणि नंतर घडले ते आणखी बोलके आहे. पुस्तकाच्या जर्मन भाषांतराला १९७४ साली तिथला किशोरसाहित्याचा मोठा पुरस्कार मिळाला आणि ते जर्मन शाळांत वाचले जाऊ लागले. ज्या देशाने त्या मुलीला हुसकले, त्याच देशातली पुढची मुले तिचा ससा कुठे राहिला हे वाचत मोठी झाली. आता ‘उपरा’ किंवा ‘उचल्या’ यांच्या वाट्याला काय आले ते पाहू. आत्मकथनांतले उतारे आपल्या पाठ्यपुस्तकांत असतात, हे खरे. पण दोन पानांचा उतारा, खाली शब्दार्थ, त्याखाली थोडक्यात उत्तरे लिहा. लेखकाच्या बालपणीच्या हालअपेष्टांचे वर्णन करा, असा प्रश्न पाच गुणांना पडला की मुलगा पाच गुणांपुरता हळहळतो. पुस्तकातल्या त्या मुलाबरोबर दोनशे पाने चालणे, त्याच्या खोड्यांत हसणे, त्याच्यावर चिडणे, त्याच्यासारखेच आपल्याही वर्गात कोणी आहे का असे मान वळवून पाहणे, हे उताऱ्याने होत नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. विषय ठरवून लिहिलेली पुस्तके बेचव होतात. स्थलांतर हा विषय, समावेशन हा हेतू, आठ ते बारा हा वयोगट. असे साचे घेऊन बसले की साहित्य न होता माहितीपत्रक होते. आक्षेप खरा आहे, आणि त्याची साक्ष पाश्चात्त्य देशांतल्या पुस्तकांच्या दुकानांत मिळते. तिथे निर्वासित मुलांवरच्या चित्रपुस्तकांचा एक ठरीव घाट तयार झाला आहे. मूल येते, गप्प असते, डब्यातल्या वेगळ्या जेवणाला कोणी नाक मुरडते, एक दयाळू मुलगी मैत्री करते, शेवटी सगळे हसतात. या घाटात येणाऱ्याने कृतज्ञ असायचे आणि असलेल्यांनी उदार, एवढीच कामाची वाटणी. रुळण्याचा सगळा गृहपाठ पाहुण्याने करायचा. मायकल बाँड यांचा पॅडिंग्टन अस्वल १९५८ साली लंडनच्या स्टेशनावर गळ्यात चिठ्ठी अडकवून बसला. महायुद्धात शहरांतून खेड्यांत पाठवलेल्या मुलांच्या गळ्यातल्या चिठ्ठ्या बाँड यांच्या डोळ्यांसमोर होत्या. पॅडिंग्टनवरही हा आरोप करता येतो. तो फार सभ्य आहे, टोपी काढून नमस्कार करतो, आणि स्वतःचे पेरूतले नाव कोणाला उच्चारता येणार नाही म्हणून स्टेशनाचे नाव मुकाट्याने घेतो. पण बाँड तेवढ्यावर थांबले नाहीत. पॅडिंग्टन जिथे जातो तिथे इंग्रजांचे स्वतःचे नियम त्यांनाच हास्यास्पद वाटू लागतात. सगळे नियम तो काटेकोर पाळतो आणि म्हणूनच गोंधळ होतो. शिवाय त्याचा सर्वांत जवळचा मित्र कोण, तर पोर्टोबेलो रोडवरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातले ग्रुबर, हंगेरीहून आलेले, म्हणजे त्याच्यासारखेच बाहेरचे. दोन परके कोको पीत बसतात आणि त्यांना एकमेकांना काही समजावून सांगावे लागत नाही. यात उपदेश कुठेच नाही. तेव्हा विषय ठरवल्याने पुस्तक बिघडते असे म्हणता येत नाही. बदलायचे फक्त येणाऱ्याने, हे आधीच ठरवून ठेवले की मात्र बिघडते.

आपल्याकडे येणारे आणि जाणारे मूल कोण आहे, हे डोळ्यांपुढे ठेवल्याशिवाय ही चर्चा हवेत राहील. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून ऊसतोड टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यावर फडाजवळ कोप्या पडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत तिथेच संसार. मोठे मूल धाकट्याला सांभाळते, वाढे गोळा करते, पाणी आणते. शिक्षण हक्क कायदा २०१० सालापासून लागू आहे. त्याआधी कारखान्यांवर साखरशाळा आल्या आणि पुढे बऱ्याचशा बंद झाल्या. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली, बरोबर जाणाऱ्यांसाठी शिक्षण हमी कार्ड निघाले. कागदोपत्री हे मूल आता दोन शाळांचे आहे. त्याच्या वर्षाचा क्रम मात्र कोणत्याही गोष्टीच्या पुस्तकात नाही. त्याला गाव मे महिन्यात भेटते हे मामाच्या गावाशी जुळते, पण ते पाहुणे म्हणून जात नाही, घरी परत येते. दिवाळीनंतर ते जिथे जाते तिथली बोली वेगळी, शिक्षक वेगळे, पाठ पुढे गेलेला आणि बसायला जागा शेवटच्या रांगेत. सहामाही एका गावात आणि वार्षिक दुसऱ्या गावात देणाऱ्या मुलीची साहसकथा लिहिणे कोणाला अशक्य आहे? साहस तर तिच्या आयुष्यात बनेश फेणेपेक्षा जास्त आहे. रात्री टायरगाडीवर मोळ्यांच्या वर बसून जाणे, अनोळखी शिवारात वाट शोधणे, मुकादमाच्या हिशेबाची वही आईबापांना वाचून दाखवणे. ही वही वाचणारी मुलगी आणि पॅरिसमधली ॲना बहिणी शोभाव्यात.

यावर प्रकाशक म्हणतील, अशी पुस्तके घेणार कोण? कोपीतले मूल पुस्तक विकत घेणार नाही. हे व्यवहाराचे बोलणे वाटते, पण त्यात दोन गोष्टी सुटतात. एक म्हणजे मराठी बालसाहित्य जगते ते निव्वळ घरच्या खरेदीवर नाही. शाळांची ग्रंथालये, जिल्हा परिषदांची आणि संस्थांची खरेदी यांवर त्याचा बराच भार आहे. तिथे निवड आपल्या हातात आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे पुस्तक फक्त फिरत्या मुलासाठीच आहे असे नाही. त्याच्या शेजारी चार महिने बसणाऱ्या, मग बाक रिकामा झालेला पाहणाऱ्या, आणि त्याबद्दल कोणीच काही न सांगितलेल्या मुलाला ते तितकेच लागते. भाषेची अडचण पुढे केली तर शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचे २००६ सालचे ‘द अरायव्हल’ पाहावे. त्यात एकही वाक्य नाही. बायको आणि मुलीला मागे ठेवून एक माणूस परक्या शहरात उतरतो. तिथली लिपी कोणालाच येत नाही, कारण ती चित्रकाराने बनवलेली आहे. प्राणी, फळे, यंत्रे सगळी अनोळखी. वाचणारा साक्षर असो वा निरक्षर, मराठी असो वा तेलुगू, पहिल्या काही पानांत सगळे सारखेच अडाणी होतात. ज्याला नेहमी सगळे कळते त्या मुलाला न कळण्याचा अनुभव देणे, हे शब्दांनी क्वचितच जमते. चार भाषांची मुले असलेल्या वर्गात शिक्षकाच्या हाती असे एक पुस्तक असले, तर बोलायला सुरुवात कुठून करायची हा प्रश्न सुटतो. आणि हे पुस्तक भाषांतराची वाट पाहत थांबलेले नाही, कारण त्यात भाषांतर करण्यासारखे काही नाहीच.

चार भाषांची मुले म्हटले की आपल्याकडे आवाज चढतो. महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला. तो व्हायलाच हवा होता, असे माझे मत आहे. पण मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते, राज्यभर बांधकामांवर, वीटभट्ट्यांवर, कारखान्यांत उत्तरेतून, तेलंगणातून, कर्नाटकातून, ओडिशातून आलेल्यांची मुले वाढत आहेत, आणि यांतली कितीतरी मुले आता मराठी शिकतात. त्यांनी मराठी शिकलीच पाहिजे, हे आपण ठणकावून सांगतो. शिकल्यावर वाचायला दिलेल्या गोष्टीत त्यांच्यासारखे कोणी आहे का, हे विचारत नाही. असलेच तर भय्या दुधाची किटली घेऊन दारात, अण्णा इडलीच्या गाड्यावर, मुले कुठे? काहींना वाटेल की परप्रांतीय मुलाला मराठी पुस्तकाचा नायक केले तर आपली ओळख पातळ होईल. मला उलट वाटते. भाषा टिकते ती तिच्यात येणाऱ्यांना आपले सांगायला जागा मिळते तेव्हा. अमेरिकेतल्या मराठी शाळांत शनिवार-रविवारी मराठी गिरवणाऱ्या मुलांचे पाहा. त्यांच्या हाती आपण पुण्या-मुंबईच्या गोष्टी देतो, त्यांच्या बर्फाच्या, पिवळ्या शाळाबसच्या, घरी एक भाषा आणि बाहेर दुसरी अशा जगण्याच्या गोष्टी मराठीत फार थोड्या. मोठी झाल्यावर त्यांना काही लिहावेसे वाटले तर ती इंग्रजीत लिहितात, यात नवल काय? तिथे आपली मुले पाहुणी आहेत म्हणून आपल्याला हे चटकन पटते. इथे आपण यजमान आहोत आणि हाच नियम आपल्यालाही लागू होतो, हे पटायला वेळ लागतो.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तोच सर्वांत जुना. मुलांना इतके दुःख कशाला? मोठी झाली की ‘उपरा’ वाचतीलच. खरे म्हणजे मोठी झालेली बहुतेक मुले काहीच वाचत नाहीत. दुःखाचे म्हणाल तर आठ वर्षांच्या मुलीला फेर धरून सासुरवास गायला लावणाऱ्या समाजाने हा युक्तिवाद करणे जरा विनोदी आहे. पण आक्षेपात तथ्याचा एक कण आहे. आत्मकथनांची भाषा, त्यांतल्या शिव्या, मोठ्यांच्या देहव्यवहारांचे उल्लेख दहा वर्षांच्या मुलापुढे जसेच्या तसे ठेवता येणार नाहीत. त्यासाठी मुलांसाठी वेगळ्या आवृत्त्या कराव्या लागतील, आणि ही कला मराठीला नवी नाही. ज्यूल व्हर्नच्या जाडजूड कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती रंजक होऊन आल्या त्या भा. रा. भागवतांसारख्यांच्या हातून. परदेशी पाणबुड्या आणि बलून आपण इतक्या निगुतीने मुलांपर्यंत आणले, तर पालापासून शाळेपर्यंतची वाट आणायला कोणाला तरी नेमायला हरकत नव्हती. माझ्या मते, मूळ लेखकांच्या किंवा त्यांच्या वारसांच्या संमतीने आणि शक्य तिथे लेखकांच्याच सहभागाने, ‘उपरा’, ‘उचल्या’, ‘बलुतं’ यांच्या बालपणाच्या भागांच्या दहा ते चौदा वयासाठी स्वतंत्र आवृत्त्या निघाल्या पाहिजेत. त्यांत बोली बदलू नये. शब्दार्थाची यादीही नको, चित्रे असावीत. नव्या गोष्टींसाठी शहरातल्या लेखकाला फडावर सहलीला नेण्यापेक्षा हंगामी वसतिगृहांत राहून शिकलेली, आता स्वतः शिक्षक, ग्रामसेवक, पोलीस, पत्रकार झालेली जी तरुण पिढी आहे, तिला लिहायला बसवावे. ती मुले दोन्ही शाळा जाणतात. पहिल्या आवृत्तीच्या प्रती छापल्या की त्यांतल्या निम्म्या साखर कारखान्यांच्या परिसरातल्या शाळांत जाव्यात आणि उरलेल्या निम्म्या पुण्या-मुंबईच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत, जिथे मराठी आता कायद्याने शिकवावीच लागते.